बारा माणसं, चौदा दिवस, एक टँकर

फुकटची वस्तू खपवायला विकतच्या वस्तूपेक्षा दुप्पट मेहनत पडते. विकत म्हटलं की माणूस भाव करतो, पटलं तर घेतो, नाही तर पुढच्या दुकानात जातो. फुकट म्हटलं की तो आधी आपल्याकडे नीट बघतो, मग आपल्या मागे कोण उभं आहे ते बघतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "सर, यात तुमचं काय?"

"माझं काही नाही, भाच्याचं आहे," हे माझं उत्तर. ते खरं होतं, म्हणूनच कुणाला पटलं नाही. भाच्याच्या नावावरची वस्तू मामाचीच असते, हे आमच्याकडच्या गुत्तेदारीतलं पहिलीच्या वर्गातलं ज्ञान आहे.

तर भाचा. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकतो आणि बहिणीच्या म्हणण्यानुसार तिथं उपाशी राहतो. त्यानं एक मोबाइल गेम तयार केला. पडद्यावर एक गल्ली, गल्लीच्या तोंडाशी टँकर, आणि समोर रंगीबेरंगी घागरींचा हा पसारा. एका रंगाच्या तीन घागरी ओळीत आणल्या की त्या भरतात आणि "भरली गं!" असा आवाज येतो. आवाज माझ्या बहिणीचा. खेळणाऱ्याला पाच हंडे मिळतात. चुकलं की एक हंडा गेला, पाचही गेले की अर्धा तास नळ बंद. थांबायचं नसेल तर तीस सेकंदांची जाहिरात बघायची, एक हंडा परत.

ही युक्ती काही त्याची नाही. कँडी क्रश २०१२ पासून जगभरच्या लोकांना पाच जीव देऊन अर्ध्या-अर्ध्या तासाला ताटकळत ठेवतंय. पण ताटकळणं लातूरकराला नव्यानं शिकवायचं म्हणजे कमाल झाली. २०१६ च्या एप्रिलात आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात घागरींच्या रांगा लावून आम्ही जो खेळ खेळलो, त्यात 'रंग जुळवा' ही अट नव्हती एवढंच. मी भाच्याला म्हटलं, "बाबा रे, लोक करमणुकीसाठी फोन उघडतात. तू त्यांना पुन्हा टँकरपाशी उभं करायलास."

तो म्हणाला, "मामा, ते नंतर बघू. आधी मला बारा माणसं द्या."

गुगल प्लेवर वैयक्तिक खात्यातून नवा गेम टाकायचा तर एक नियम आहे. नोव्हेंबर २०२३ नंतर खातं काढलेल्यानं आधी निदान बारा माणसांकडून सलग चौदा दिवस गेमची चाचणी करून घ्यायची, मगच तो सगळ्यांसाठी खुला करायला अर्ज करता येतो. पूर्वी हा आकडा वीस होता, तो खाली आणला. नियम वाजवी आहे. भाच्याची मित्रमंडळी असतील असं मला वाटलं. तर त्याचे सगळे मित्रही आपापले गेम घेऊन आपापल्या मामांकडे गेलेले.

मी गणिताचा मास्तर, सेवानिवृत्त. अर्धं गाव माझ्या हातचा मार खाऊन मोठं झालेलं. बारा माणसं म्हणजे काय मोठंसं, असा माझा हिशेब होता.

पहिली अडचण जीमेलची. चाचणीत घ्यायच्या माणसाचा ईमेल पत्ता यादीत घालावा लागतो. आमच्याकडे तो पत्ता माणसाला माहीत नसतो, मोबाइलवाल्या पोराला माहीत असतो. फोन घेताना त्यानं काउंटरवर बसून दोन मिनिटांत काढून दिलेला. पासवर्ड त्याच्याच डोक्यात. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात म्हणतात, तसे एका दुकानदार पोराच्या जीमेलला आमच्या गल्लीतले निम्मे फोन येऊन मिळालेले निघाले. शेजारच्या नानांचे फोटो समोरच्या काकूंच्या फोनमध्ये का दिसतात, हे कोडंही त्या निमित्तानं सुटलं. त्यावरून वर्षभर अबोला होता.

मग नाना. मोंढ्यात अडत, स्वभाव रोखठोक. मी गेमचं नाव काढताच त्यांनी विचारलं, "किती जागा खायलंय?"

"ऐंशी एमबी."

"जागा न्हाई."

फोन माझ्या हातात दिला. खरंच नव्हती. मी म्हटलं काहीतरी काढून टाकू, आणि आम्ही दोघं गॅलरी उघडून बसलो. सुप्रभातचे गुलाब, कीर्तनाच्या क्लिपा, नातवाचं जावळ तीन बाजूंनी, पोळ्याला सजवलेल्या बैलाचा फोटो. तो बैल पुढच्याच वर्षी विकलेला, फोटोला हात लावू दिला नाही. मग एक स्क्रीनशॉट आला. २०२१ च्या ऑगस्टातला, सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेल्याचा. मी म्हटलं, "हा जुना झाला, काढू का?"

"ऱ्हाऊ द्या ओ सर. कधीमधी बघतो."

पुढे एक व्हिडिओ होता, चांगला मोठा. जावई माइकसमोर उभे. सोसायटीच्या वार्षिक सभेतलं भाषण. नानांनी एकदा आतल्या खोलीकडे बघितलं, लेक माहेरी आलेली नाही याची खात्री केली आणि म्हणाले, "हे काढा. ह्याच्यात तुमचे दोन गेम बसतील."

असा पहिला माणूस मिळाला. गेम कसा आहे, कशाचा आहे, हे त्यांनी विचारलंच नाही. गेमचे जाणकार चित्र, संगीत, गोष्ट अशा गोष्टींवर बोलत असतील. आमच्याकडे गेम येतो तो दुसरं काय घालवायचं यावर.

केशकर्तनालयात वेगळीच चौकशी. "जिंकल्यावर पैसे लागतात का?" लागतात म्हणजे मिळतात का. मी म्हटलं, नाही रे, पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टात संसदेनं बंदीचा कायदा केला. त्यानं वस्तरा पुसत विचारलं, "मग जिंकून करायचं काय?" या प्रश्नाचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. किराणा दुकानदाराची शंका उलटी. त्याला हा त्यातलाच पैशांचा खेळ वाटला.

"खात्यातून कापणार तर न्हाई?"

"नाही."

"ओटीपी मागतंय का?"

"नाही."

"आधार?"

"काहीच मागत नाही."

"मग खरं नसंल," म्हणाला आणि गूळ तोलायला लागला.

त्याला मी सगळं अर्थशास्त्र समजावून सांगितलं. अशा गेममध्ये बहुतेक लोक एक पैसाही देत नाहीत. थोडेच लोक आतली नाणी-बिणी विकत घेतात, बाकीच्यांच्या जाहिराती बघण्यावर गाडा चालतो. तो म्हणाला, "म्हणजे उधारीवाले नव्वद, रोखीचे दहा. माझं दुकान बी तसंच हाय." आणि लगेच इन्स्टॉल केलं. समदुःखी भेटला म्हणून.

गेम खेळायचं खरं वय सोळा-सतरा. त्या वयाची पोरं आमच्या ट्यूशन एरियात हजारोंनी आहेत, पण त्यांच्या हातात बटणाचे फोन. नीटची तयारी. स्मार्टफोन गावाकडे बापाच्या ताब्यात. त्यामुळे अख्ख्या मराठवाड्यातून आमच्याकडे गोळा झालेली ही तरणी फौज गेमवाल्यांच्या दृष्टीनं बाद. आईबाप मात्र गावाकडे त्याच फोनवर खुशाल लुडो खेळतात.

लुडोचं प्रकरण मी जवळून बघितलंय. समोरच्या काकू म्हणजे फोन हातात धरताना पदर सावरणाऱ्या. २०२० च्या लॉकडाउनमध्ये त्यांनी लुडो किंग स्वतः होऊन मागून घेतला. नवी मुंबईतल्या कंपनीनं २०१६ मध्ये काढलेला तो गेम त्या वर्षी घराघरात शिरला. काकूंनी ना रेटिंगच्या चांदण्या बघितल्या ना चित्रं. लेक सोलापुरात अडकली होती, ती पलीकडून खेळणार होती, बास. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शंकर-पार्वती द्यूत खेळताना कोरलेत, खाली गण नंदीला छळतायत. पार्वतीनं खेळायला बसताना पटाचं रेटिंग विचारलं असेल असं मला वाटत नाही. समोर कोण बसलंय ते तिला दिसत होतं.

हे मी भाच्याला कळवलं. तो म्हणाला, "मामा, माझा गेम एकट्यानं खेळायचा आहे. ऑफलाइन." ऑफलाइन ही मात्र जमेची बाजू निघाली. उदगीरच्या एसटीत बसलं की रेंज येते-जाते, शेतात तर नाहीच, आणि नेट नसताना चालणाऱ्या वस्तूबद्दल आमच्याकडे फार आदर आहे. तेवढ्या एका शब्दावर एक कंडक्टर आणि एक तलाठी मिळाले.

चित्राचं म्हणाल तर फोनवर गेम उघडायला दाबायचा जो चौकोन असतो, त्यात भाच्यानं आधी घागर काढली होती. ती एवढीशी झाल्यावर कांदा दिसायची. २०१२ च्या क्लॅश ऑफ क्लॅन्स या गेमपासून चौकोनात तोंड वासून ओरडणारा माणूस घालायची जी साथ आली, ती अजून गेलेली नाही. भाच्यानं मग टँकरपाशी ओरडणारी बाई घातली. हुबेहूब माझी बहीण. बहिणीनं दोघांशीही बोलणं टाकलं, पण बायका थांबून "हिला काय झालं ओ?" म्हणून दाबून बघायला लागल्या.

तरीही बारा भरेनात. भीड घातली की लोक इन्स्टॉल करतात, आणि आपण कोपऱ्यावर वळलो की काढून टाकतात. भीड चौदा दिवस टिकत नाही, ती फार तर संध्याकाळच्या चहापर्यंत.

या सगळ्या काळात आमच्या घरातच भाच्याचा गेम नव्हता. सौभाग्यवतींनी "माझ्या फोनला काही करायचं नाही" असं बजावलेलं. आणि एके रात्री मला स्वयंपाकघरातून आवाज आला, "अरे खालची वढ की मेल्या, खालची!" बघतो तर मालिकेच्या मध्येच एक जाहिरात. एक राजा कोठडीत अडकलाय, पाणी वाढतंय, आणि खेळणारा हात नेमका चुकीची खीळ ओढतोय. राजा बुडाला. दुसऱ्या रात्री पुन्हा बुडाला. तिसऱ्या रात्री बाईंनी माझ्या देखत तो गेम उतरवून घेतला. मला न विचारता, जागा न बघता, ओटीपीची चौकशी न करता. आत राजा होता, पण खिळा कुठंच नव्हत्या. नुसतं रंगीत ठोकळे जुळवणं. मी म्हटलं, अशा जाहिराती फसव्या असतात, होमस्केप्स आणि गार्डनस्केप्स या गेमच्या अशाच दोन जाहिराती ब्रिटनच्या नियामक संस्थेनं २०२० मध्ये दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. ती म्हणाली, "असू द्या. तो मुडदा हातात फोन द्यायच्या लायकीचा न्हवता." ठोकळे जुळवणं चालूच.

तेव्हा मला आमच्या धंद्यातली जुनी गोष्ट लागू पडताना दिसली. फळ्यावर बरोबर गणित सोडवलं तर वर्ग पेंगतो. चुकीचं सोडवलं की मागच्या बाकावरचा ढ सुद्धा उठून उभा राहतो.

भाच्याला फोन केला. तो सुट्टीला आल्यावर आम्ही गच्चीवर अर्ध्या मिनिटाची फिल्म काढली. टँकरचा पाइप माझ्या हातात. लाल घागरी डावीकडे, निळ्या उजवीकडे, आणि मी मन लावून मधल्या उंबऱ्यावर पाणी ओततोय. लाल घागर निळीत ठेवतोय. तीन मोजताना चार मोजतोय. शेवटी पाइप स्वतःच्या सदऱ्यात. पाणी खरं वापरलं म्हणून सौभाग्यवतींनी खालून जे सुनावलं तेही आवाजात तसंच राहिलं, आणि भाचा म्हणाला, ते काढू नका, त्यातच जीव आहे.

फिल्म माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग एकानं लिहिलं, "सरांना तीनपर्यंत मोजता येईना." १९९४ च्या बॅचमधला, याला मी पाढ्यांसाठी अंगणात उभा केला होता. त्यानंतर ग्रुपला जी भरती आली! बँकेतले, पोलिसातले, एक नेत्रतज्ज्ञ, एक दुबईला गेलेला गवंडी, सगळे आपापले ईमेल पाठवायला लागले. "सरांपेक्षा जास्त घागरी भरून दाखवतो" म्हणून. बाराच्या वर गर्दी झाली. भाच्यानं वेळ साधून आत गुणांची यादी टाकली आणि तिच्यात माझं नाव कायम तळाशी राहील अशी सोय केली. मग कुणी गेम काढायला तयार होईना. चौदा दिवस कधी सरले ते कळलंही नाही.

गेम सगळ्यांसाठी खुला झाला. आता प्रश्न अभिप्रायांचा. गिऱ्हाईक नसलेल्या हॉटेलात भजी ताजी असली तरी कुणी शिरत नाही, तसं शून्य अभिप्राय दिसले की बोट मागं फिरतं. भाच्याचा मेसेज आला: मामा, लोकांना तेवढं दोन ओळी लिहायला सांगा.

मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यात आधी नानांनी लिहिलं. एक चांदणी. खाली मजकूर: "अर्धा तास थांबलो. पाणी आलं नाही. टँकरवाल्याचा नंबर द्यावा."

भाच्यानं त्याखाली उत्तर दिलंय: "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. कृपया जाहिरात बघावी."