पिकेट्स लॉक की वेम्बली?

कट्ट्यावर काल वाद पेटला तो लंडनवरून. २००५ ची जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा लंडनला मिळाली होती, तरी ती हेलसिंकीत झाली. आमच्यातला कोच म्हणाला, "आधी स्पर्धा मागितली आणि मैदान कागदावरच राहिलं. हेलसिंकीचं स्टेडियम १९३८ पासून उभं आहे, १९८३ ची पहिली जागतिक स्पर्धाही तिथेच झाली."

"पण लंडनचं फुटबॉल स्टेडियम, वेम्बली, होतं की!" पंच म्हणाला.

इंजिनिअरनं कागदच पुढे ओढला. "आठ लेनचा ट्रॅक बाहेरून मोजला तर १७६.९१ मीटर लांब, ९२.५२ रुंद. फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८. ट्रॅक घातला की बाजूचा प्रेक्षक १२ मीटर मागे जातो आणि गोलमागचा ३६. फुटबॉलवाले हे कसं मान्य करतील? म्हणून खालच्या खुर्च्यांवर तात्पुरता डेक, म्हणजे मोठा मंच, उभारून त्यावर ट्रॅक टाकायची योजना निघाली. स्पर्धेपुरता डेक चढवायचा, मग उतरवायचा, आणि मधल्या काळात फुटबॉल बंद. डिसेंबर १९९९ मध्ये सरकारनं ॲथलेटिक्सला वेम्बलीतून बाहेर काढलं."

मग पिकेट्स लॉक. उत्तर लंडनमध्ये, ली नदीच्या खोऱ्यात. जागा मोकळी होती, पण भुयारी रेल्वे दाराशी नव्हती आणि खेळाडूंची राहायची सोय दूर. खर्चही वाढत गेला. ऑक्टोबर २००१ मध्ये योजना गुंडाळली आणि लंडनऐवजी शेफील्ड शहर पुढे केलं. आंतरराष्ट्रीय महासंघाला लंडन हवं होतं, त्यानं यजमानपद पुन्हा खुलं केलं.

कोचचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटला. "नकाशावर स्टेडियम शोधू नका. दोन ट्रॅक शेजारी-शेजारी बसतील अशी जागा शोधा. वॉर्म-अपचा ४०० मीटरचा ट्रॅक चालत जाण्याच्या अंतरावर हवा. तिथून खेळाडू कॉल रूममध्ये, म्हणजे हजेरीच्या खोलीत, जातो, नंबर-स्पाइक्स तपासून मैदानावर येतो. मध्ये बस आली की गरम झालेले स्नायू थंड पडतात. शिवाय हातोडा आणि थाळीचा सराव वेगळ्या मैदानावर, नाहीतर धावणाऱ्यांच्या जिवाला धोका."

पंचानं दिशा काढली. लांब अक्ष उत्तर-दक्षिण हवा, मुख्य प्रेक्षागृह पश्चिमेला. संध्याकाळी उन्हाची तिरीप पोल व्हॉल्टवाल्याच्या डोळ्यांत गेली की उडी फसते. वाराही बघायचा. १०० मीटरला पाठीमागून सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वारा असेल तर विक्रम धरत नाहीत, म्हणून स्टँडच्या खिंडारातून सरळ रेषेवर झोत येणार नाही अशी रचना करावी लागते.

"आणि माती?" इंजिनिअर. नदीकाठी किंवा आपल्याकडच्या काळ्या मातीवर ट्रॅक टाकायचा तर आधी माती उपसून मुरूम भरून थराथरानं दाबायचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा डांबराचा थर तिच्याबरोबर हलतो. १३ मिलीमीटरचं सिंथेटिक ते झाकू शकत नाही. चार मीटरची सरळ पट्टी आडवी ठेवली तर खाली ६ मिलीमीटरहून जास्त खड्डा दिसता कामा नये. मग ट्रॅक पाण्यानं भिजवायचा, वीस मिनिटं थांबायचं. डबकं जिथे राहील तिथे बसकण झाली समजा. हे बघायला वाकावं लागतं, गुडघे टेकावे लागतात. उद्घाटनाच्या घाईत हीच चाचणी वगळतात.

खरा वाद शेवटी फुटबॉलवर. पंच म्हणाला, "लंडनला २०१२ च्या ऑलिंपिकचं स्टेडियम वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबला दिलं, खालच्या खुर्च्या मागे-पुढे सरकवायच्या, ॲथलेटिक्सला उन्हाळ्यातले थोडे दिवस." कोच चिडला. "मग फक्त ॲथलेटिक्सचं शेफील्डचं डॉन व्हॅली स्टेडियम? २५,००० खुर्च्या, १९९० मध्ये उघडलं, २०१३ मध्ये बंद करून पाडलं. लंडननं २०१७ ची जागतिक स्पर्धा घेतली ती फुटबॉल आणि ॲथलेटिक्समध्ये वाटलेल्या त्या मैदानावरच."

"वाटलेलं चालेल, पण शेजारचा ट्रॅक वर्षभर पोरांना खुला हवा," पंच म्हणाला. यावर मात्र कोच गप्प झाला.

पिकेट्स लॉकला २००७ मध्ये ॲथलेटिक्स केंद्र उभं राहिलं. २०० मीटरचा बंदिस्त ट्रॅक, बाहेर ४०० मीटरचा. सरावाला ती जागा उत्तमच निघाली.