यादीत नाव नसेल तर ‘चॅलेंज व्होट’ मिळत नाही

२०१९ च्या लोकसभेला फिरलेला एक मेसेज २०२४ मध्ये जसाच्या तसा पुन्हा फिरला. नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, आम्हा शिक्षकांच्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा: मतदान केंद्रावर गेल्यावर यादीत नाव नाही असं कळलं, तर आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र दाखवा, ‘कलम ४९ ए’ नुसार ‘चॅलेंज व्होट’ मागा आणि मत द्या. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर ‘टेंडर व्होट’ मागा. एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांपेक्षा जास्त टेंडर व्होट झाली, तर तिथे फेरमतदान होतं. शेवटी अर्थातच, ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.’

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. निवडणुकीच्या कामाला बऱ्याच वेळा गेले आहे, आधी मतदान अधिकारी म्हणून आणि नंतर केंद्राध्यक्ष म्हणून. विधानसभेच्या वेळी दुपारी एक जण आपल्या सत्तरीच्या आईला घेऊन आले. मावशींचं नाव यादीत होतं, पण त्यावर वगळल्याची खूण होती. कारण लिहिलेलं: स्थलांतरित. मावशी चाळीस वर्षं त्याच गल्लीत राहत होत्या. मधे काही महिने लेकीकडे गेल्या होत्या, एवढंच. मुलाने फोन माझ्यासमोर धरला. “मॅडम, कायदा आहे हा. वाचा तुम्हीच. चॅलेंज व्होट द्या.” मी नियम सांगितला, त्यांना तो पटला नाही. रांगेतले लोकही त्यांच्या बाजूने बोलू लागले. मावशी मात्र एकच विचारत होत्या, “मग माझं नाव काढलं कुणी?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हा मेसेज एकेका वाक्याने तपासायचं ठरवलं.

‘कलम ४९ ए.’ हे कलम नाही, नियम आहे. निवडणूक संचालन नियम, १९६१ यांत १९९२ मध्ये मतदान यंत्रांसाठी नवे नियम घातले गेले, त्यांतला हा पहिला. त्यात काय आहे? मतदान यंत्राला एक कंट्रोल युनिट आणि एक बॅलट युनिट असेल, आणि त्यांची रचना निवडणूक आयोग मंजूर करेल तशी असेल. २०१३ मध्ये त्यात मताची छापील चिठ्ठी देणाऱ्या यंत्राची (व्हीव्हीपॅट) तरतूद जोडली गेली. संपलं. त्यात मतदाराच्या कुठल्याही हक्काचा उल्लेख नाही. ज्याने हा मेसेज पहिल्यांदा लिहिला त्याने तो नियम उघडूनही पाहिला नव्हता, आणि ज्या हजारो लोकांनी पुढे पाठवला त्यांनीही नाही.

‘चॅलेंज व्होट मागा.’ आव्हान देण्याची तरतूद खरी आहे, पण ती नियम ४९ जे मध्ये आहे आणि मेसेज सांगतो त्याच्या नेमकी उलट आहे. तिथे आव्हान मतदार देत नाही. मतदाराला दिलं जातं. केंद्रात बसलेल्या उमेदवाराच्या प्रतिनिधीला, म्हणजे पोलिंग एजंटला, वाटलं की समोर उभा असलेला माणूस यादीतल्या त्या नावाचा नाही, तर तो दोन रुपये अनामत भरून आक्षेप घेतो. मग केंद्राध्यक्ष त्या माणसाला तोतयेगिरीची शिक्षा काय असते ते सांगतात, यादीतली त्याची नोंद पूर्ण वाचून दाखवतात, ‘तो तुम्हीच का’ असं विचारतात, आक्षेपित मतांच्या नमुना १४ मध्ये नाव-पत्ता लिहून सही घेतात आणि तिथल्या तिथे चौकशी करतात. आक्षेप सिद्ध झाला नाही तर तो माणूस नेहमीसारखं मत देतो. उगाच घेतलेला आक्षेप असेल तर दोन रुपये जप्त.

यातलं ‘यादीतली नोंद वाचून दाखवतात’ हे लक्षात घ्या. नोंदच नसेल तर वाचायचं काय? नाव नसलेल्या माणसाला ही पद्धत लागूच होत नाही.

‘आधार किंवा मतदार ओळखपत्र दाखवा आणि मत द्या.’ सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून इथे जरा थांबते.

आपण ओळखपत्राला मतदानाचा परवाना समजतो. तसं ते नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम ६२ सांगतं की ज्याचं नाव त्या मतदारसंघाच्या यादीत त्या वेळी आहे त्यालाच तिथे मत देता येतं, आणि ज्याचं नाही त्याला नाही. कार्ड फक्त एवढंच सिद्ध करतं की यादीतली अमुक नोंद या माणसाची आहे. म्हणूनच मतदार ओळखपत्र घरी विसरलं तरी पासपोर्ट, वाहन परवाना, पॅन, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड किंवा आधार चालतं. ओळख पटवायला कागद बदलता येतो. नोंदीला मात्र पर्याय नाही. आधारबद्दल तर त्याचाच कायदा सांगतो की तो क्रमांक नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा (डोमिसाइलचा) पुरावा नाही.

ओळखपत्रावरचा क्रमांक म्हणजेच नोंद, असंही नाही. मार्च २०२५ मध्ये वेगवेगळ्या राज्यांतल्या दोन-दोन मतदारांचा एकच एपिक (मतदार ओळखपत्र) क्रमांक असल्याची प्रकरणं गाजली. आयोगाने कारण दिलं ते असं: सगळ्या राज्यांच्या याद्या ईआरओनेट या सामायिक प्रणालीवर येण्याआधी प्रत्येक राज्य आपापल्या पद्धतीने क्रमांक देत असे, आणि काही राज्यांनी एकच अक्षर-अंकांची मालिका वापरली. क्रमांक सारखे असले तरी मत ज्या-त्या केंद्राच्या यादीप्रमाणेच देता येतं, हेही आयोगाने तेव्हा सांगितलं. क्रमांकांची ती गफलत इतकी वर्षं राहायला नको होती, असं माझं स्पष्ट मत आहे. पण कार्डपेक्षा नोंद मोठी, हे त्या प्रकरणातूनही दिसलं.

आता ती नोंद केंद्रावर येते कशी ते पाहा, म्हणजे ऐनवेळी नाव का घालता येत नाही ते कळेल. तुम्ही नमुना ६, म्हणजे नाव नोंदवण्याचा अर्ज भरता, कागदावर किंवा मोबाइलवर. तो अर्ज ईआरओनेटमध्ये मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे जातो. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरी येऊन खातरजमा करतो. आलेल्या अर्जांची यादी आक्षेपांसाठी किमान सात दिवस लोकांसमोर ठेवावी लागते. मगच अधिकारी निर्णय देतो आणि नाव विधानसभा मतदारसंघ, यादी भाग आणि अनुक्रमांक अशा ठरलेल्या जागी बसतं. आणि लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० चं कलम २३ सांगतं की उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर, निवडणूक पूर्ण होईपर्यंत, यादीत काहीही बदल करता येत नाही. नाव वाढत नाही, वगळलं जात नाही, दुरुस्त होत नाही. यादी गोठते.

महाराष्ट्राच्या २०२४ च्या विधानसभेचं उदाहरण घ्या. निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली, अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर, मतदान २० नोव्हेंबरला. आक्षेपांचे सात दिवस आणि निर्णयाला वेळ हवा म्हणून नोंदणीचे अर्ज १९ ऑक्टोबरपर्यंतचेच विचारात घेतले गेले. निवडणूक जाहीर झाल्यावर जागा झालेल्या माणसाच्या हातात चारच दिवस होते.

गोठलेल्या यादीची पुरवणीसह छपाई होते आणि त्यातली एक चिन्हांकित प्रत आमच्या साहित्याच्या पिशवीत येते. केंद्रावर पहिला मतदान अधिकारी ओळख पटवतो आणि त्याच प्रतीवर नावाला खूण करतो. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावून १७ ए या मतदारांच्या नोंदवहीत सही घेतो. तिसरा कंट्रोल युनिटचं बटण दाबतो. या तिघांपैकी कुणाकडेही नवीन नाव घालण्याची सोय नाही, केंद्राध्यक्षाकडेही नाही. मेसेज वाचून जे लोक आमच्यावर चिडतात त्यांना वाटतं, या बाईच्या मनात असतं तर झालं असतं. नसतं झालं.

आणि होऊ नयेच. राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार आणि लाखाच्या आसपास केंद्रं होती. मान्यताप्राप्त पक्षांना यादी आधीच मिळते, त्यांचे एजंट तीच यादी हातात घेऊन आमच्या शेजारी बसतात आणि आमच्या पहिल्या अधिकाऱ्याने केलेली प्रत्येक खूण त्यांच्या प्रतीशी ताडून पाहतात. आधार दाखवून जागेवर नाव घालता आलं असतं, तर कुठलाही माणूस कुठल्याही गावात उतरून मत देऊन गेला असता, आणि ताडून पाहायला कुणाकडे काही उरलं नसतं.

‘टेंडर व्होट मागा.’ एवढं वाक्य अर्धं खरं आहे. नियम ४९ पी प्रमाणे, तुमचं नाव यादीत आहे पण त्यावर आधीच मत पडलंय, तर केंद्राध्यक्ष तुम्हाला प्रश्न विचारून खात्री करतात आणि प्रदत्त (म्हणजेच टेंडर) मतपत्रिका देतात. हा तुमचा हक्क आहे, तो जरूर मागा. कधी तोतया आलेला असतो, कधी आमच्याकडूनच चुकीच्या ओळीवर खूण झालेली असते. पण पुढे काय होतं ते मेसेजमध्ये नाही. तुम्ही १७ बी या प्रदत्त मतांच्या यादीत सही करता, कागदी मतपत्रिकेवर शिक्का मारता, आणि ती वेगळ्या पाकिटात बंद होते. मतदान यंत्रावर तुम्हाला बटण दाबता येत नाही. मोजणीच्या दिवशी ते पाकीट उघडलं जात नाही.

मग त्याचा उपयोग काय? राजस्थानातल्या नाथद्वारा विधानसभा मतदारसंघात २००८ साली काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले. कल्याण सिंह चौहान यांना ६२,२१६ आणि जोशींना ६२,२१५. तेव्हा बंद पाकिटांतल्या प्रदत्त मतांचा प्रश्न निवडणूक याचिकेतून उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल इतका घासून लागला, कुणी याचिका केली आणि न्यायालयाला गरज वाटली, तरच त्या मतपत्रिकेला पुन्हा उजेड दिसतो. तरीही ती मागायला हवी, कारण तुमच्या नावावर दुसरं कुणी मत दिलं याची ती लेखी नोंद आहे.

‘१४ टक्के झाली की फेरमतदान.’ असा आकडा कुठल्याही कायद्यात किंवा नियमात नाही. फेरमतदानाच्या तरतुदी १९५१ च्या अधिनियमात आहेत: दंगल किंवा नैसर्गिक आपत्तीमुळे मतदान थांबलं तर कलम ५७, यंत्र नष्ट झालं, पळवलं गेलं किंवा मतदानात मोठी चूक झाली तर कलम ५८, केंद्र बळकावलं तर ५८ ए. प्रदत्त मतांच्या टक्केवारीचा संबंध यांपैकी कशाशीही नाही. पिशवीतला एक साधा हिशेबही सांगते. केंद्राला प्रदत्त मतपत्रिका मिळतात वीस. केंद्रावर आठशे मतं पडली तर त्यांचे १४ टक्के म्हणजे एकशे बारा.

इतकं सगळं चुकीचं असूनही हा मेसेज दर वेळी का फिरतो, हे मला त्या मावशींमुळे समजलं. नावं खरोखर जातात. छापील यादीत वगळलेल्या नावाशी एक इंग्रजी अक्षर असतं: मयतासाठी ‘ई’, स्थलांतरितासाठी ‘एस’, दुबार नोंदीसाठी ‘आर’, बेपत्त्यासाठी ‘एम’, अपात्रासाठी ‘क्यू’. एका अक्षराने माणूस यादीतून जातो. स्थलांतराच्या कारणाने नाव काढण्याआधी त्या माणसाला म्हणणं मांडण्याची संधी द्यावी, असं कायदा सांगतो. नोटीस बंद घराच्या दारावर पडून राहिली, शेजाऱ्याने ‘गेल्या त्या’ म्हटलं, बीएलओकडे अजून चारशे घरं बाकी होती, की ती संधी कागदावर राहते. हे बीएलओही आमच्यासारखेच शिक्षक नाहीतर अंगणवाडी सेविका. त्यांना कमी घरं आणि जास्त दिवस मिळायला हवेत, ही मागणी खरी आहे आणि ती लावून धरायला हवी. या मेसेजचा सगळ्यात मोठा तोटा मला हाच वाटतो की तो माणसाला निर्धास्त करतो. केंद्रावर सोय आहेच, मग आधी यादी बघायची कशाला?

मतदानाच्या दिवशी नाव सापडलं नाही तर एवढं तरी करा. केंद्राबाहेरच्या मतदार सहायता केंद्रात बीएलओकडे वर्णानुक्रमाची यादी असते, तिथे बघा. एकाच शाळेत तीन-चार केंद्रं असतात आणि नाव शेजारच्या खोलीतल्या यादी भागात असू शकतं. गैरहजर, स्थलांतरित, मयत अशा वेगळ्या यादीत नाव आहे असं कुणी म्हणालं, तर परत फिरू नका. मूळ यादीतून नाव वगळलेलं नसेल तर ओळख पटवून, अंगठा आणि प्रतिज्ञापत्र देऊन मत देता येतं.

नाव वगळलेलंच असेल तर त्या दिवशी मत नाही. मग दुसऱ्या दिवशी नमुना ६ भरा. १ ऑगस्ट २०२२ पासून वर्षाला चार अर्हता दिनांक (ज्या तारखेला अठरा पूर्ण झाली का ते पाहतात) आहेत, त्यामुळे नव्याने अठरा झालेल्यांनाही जानेवारीची वाट पाहावी लागत नाही. नोंदणी अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला किंवा आदेश काढून नाव वगळलं, तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि तिथेही नाही म्हटलं तर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. मावशींच्या मुलाला मी हे एका कागदावर लिहून दिलं, खाली १९५० हा हेल्पलाइनचा क्रमांकही लिहिला. त्यांनी कागद घडी करून आईच्या हातात दिला आणि ते दोघं गेले. माझ्यापुढे रांग उभीच होती.