नर्सला औषध लिहायचा हक्क मिळाला म्हणे. आधी गोळ्यांची स्ट्रिप उलटी करून बघा

शाळेच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो निरोप पुन्हा येऊन पडला. पहिल्यांदा वाचला तो २०१९ मध्ये. तेव्हापासून वर्षाआड कुणीतरी तो माळ्यावरच्या छत्रीसारखा खाली काढतं, झटकतं आणि उघडतं. मजकूर थोडक्यात असा: केंद्र सरकारने नर्सना डॉक्टरांसारखी औषधं लिहून द्यायचा हक्क दिला, सहा महिन्यांचा कोर्स केला की झालं, जगात कुठेही असा वेडेपणा चालत नाही, गरिबांना नर्स आणि श्रीमंतांना डॉक्टर असा हा डाव आहे, उद्या गल्लोगल्ली नर्सबाईंचे दवाखाने निघतील. आणि शेवटी ठळक अक्षरात, ‘नर्सचं काम सांगितलेलं करणं, डोकं चालवणं नव्हे.’ खाली जोडलेले हात.

मी नर्स आहे. आधी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पोस्ट बेसिक बीएस्सी, मग सोळा वर्षं आयसीयू. आता शिकवते. ग्रुपवर दोन ओळीत उत्तर दिलं की वर्गमित्र रुसतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पहिला मुद्दा, हक्क मिळाल्याचा. घरात अम्लोडिपिनची (बीपीची गोळी) किंवा कुठल्याही अँटिबायोटिकची स्ट्रिप असेल तर उलटी करा. मागे बारीक इंग्रजीत एक ओळ छापलेली असते: नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीशिवाय किरकोळ विक्री करू नये. ही शेड्यूल एच किंवा एच१ औषधं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या यादीतली. ती ओळ येते १९४५ च्या औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांतून, आणि ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक’ कोण, याची व्याख्याही तिथेच आहे. माझीही नोंदणी आहे, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत. पण ती त्या व्याख्येत बसत नाही. उद्या मी लेटरहेड छापून त्यावर अमॉक्सिसिलिन लिहिलं आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टने ते दिलं, तर मीही चुकले आणि तोही चुकला.

मग ही हूल उठली कुठून? राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९, कलम ३२. जुलैअखेरीस लोकसभेने विधेयक मंजूर केलं आणि ३१ जुलैला इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर चोवीस तासांचा बंद पाळला, त्यात या कलमावरचा राग मोठा होता. कलम म्हणतं की ‘आधुनिक वैद्यकीय व्यवसायाशी संबंधित’ व्यक्तींना आयोग मध्यम स्तरावरचा मर्यादित परवाना देऊ शकेल. देऊ ‘शकेल’. निकष नियमांनी ठरायचे, अशा परवान्यांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशापलीकडे जायची नाही, आणि स्वतःच्या अधिकारात औषध लिहायचं ते फक्त प्राथमिक व प्रतिबंधात्मक सेवेत, तेही ठरवून दिलेलंच. त्यापुढे डॉक्टरच्या देखरेखीखाली. ‘नर्स’ हा शब्द त्या कलमात नाही. ‘संबंधित’ म्हणजे कोण, हे मात्र फारच सैल सोडलंय. त्यावर डॉक्टर चिडले, ते मला समजतं. मीही तेव्हा हेच म्हटलं होतं. पण सैल कलम वेगळं आणि हक्क दिला म्हणणं वेगळं.

‘अहो, पण उपकेंद्रात सिस्टर गोळ्या देतात, आम्ही पाहिलंय.’ बरोबर पाहिलंय. त्याच १९४५ च्या नियमांना शेड्यूल के नावाची सवलतींची यादी जोडलेली आहे. सरकारी आरोग्य कार्यक्रमातली औषधं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्रातले कर्मचारी, नर्स, एएनएम (गावपातळीवरच्या नर्सबाई), अगदी अंगणवाडी सेविकासुद्धा वाटू शकतात, हे तिथे लिहिलंय. वाटणं आणि लिहिणं यांत फरक आहे. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींनाही तो नीट कळायला दिवाळी उजाडते, म्हणून ग्रुपवाल्यांना दोष देत नाही.

माझी एक विद्यार्थिनी सह्याद्रीच्या कुशीतल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. सगळे सीएचओ म्हणतात. मी एकदा दिवसभर तिच्याकडे बसून होते. टेबलावर बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर, टॅब, रजिस्टर. एक आजी आल्या, पदराच्या गाठीतून स्ट्रिप काढली. हिने आधी उरलेल्या गोळ्या मोजल्या. महिन्याच्या तीसपैकी अकरा उरल्या होत्या, म्हणजे अकरा दिवस चुकले. मग बीपी. मग गोळ्या का चुकल्या याची चौकशी (लेक बाळंतपणाला आली होती, घाईत राहून गेलं). मग पुढच्या महिन्याच्या गोळ्या. ही गोळी मुळात चालू केली होती पीएचसीच्या मेडिकल ऑफिसरांनी. हिचं काम पाठपुरावा करणं आणि महिन्याच्या महिन्याला तीच गोळी देणं. दुपारी एक माणूस आला, नवाच, बीपी १७८/१०४. थोड्या वेळाने पुन्हा घेतलं, तेवढंच. हिने गोळी दिली नाही. ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावायचा म्हणून टॅब घेऊन खिडकीपाशी उभी राहिली, कारण रेंज फक्त तिथेच. आजी जाताना म्हणाल्या, ‘येते गं डॉक्टरीणबाई.’ ती म्हणाली, ‘डॉक्टर नाही हो आजी, सिस्टर.’ दिवसातून किती वेळा म्हणावं लागतं विचारलं तर हसली.

आता सहा महिन्यांचं. हा आकडा खरा आहे, पण अर्धाच. सीएचओ होण्यासाठी सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम असतो. तो करतं कोण? जिचं तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग आधीच झालंय ती, किंवा बीएएमएस झालेले. आपल्या महाराष्ट्रात तर या पदांवर बीएएमएस भरपूर आहेत, त्यामुळे ‘नर्सना डॉक्टर केलं’ हे वाक्य इथे दुप्पट हुकतं. शिवाय उपकेंद्रांवर सीएचओ नेमायची ही योजना २०१८ ची, तो कायदा २०१९ चा. निरोपात दोन्हींची खिचडी झालीय. त्यात होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठीच्या एक वर्षाच्या फार्माकोलॉजी कोर्सचीही फोडणी पडते. तो २०१४ च्या आपल्या राज्यातल्या कायदादुरुस्तीतून आला आणि त्याचा नर्सशी काडीचाही संबंध नाही.

प्रगत पातळीच्या नर्ससाठी भारतात खरोखर जे अभ्यासक्रम आहेत, ते कुणी बघतच नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स बीएस्सी आणि कामाच्या अनुभवानंतर दोन वर्षांचा निवासी आहे. त्यातला बहुतेक वेळ वर्गात नाही, आयसीयूत जातो. केंद्राने डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतून आणलेला मिडवाइफरीचा (बाळंतपणाच्या सेवेचा) नर्स प्रॅक्टिशनर कोर्स अठरा महिन्यांचा. गंमत म्हणा किंवा काहीही म्हणा, दोन वर्षं आयसीयूत घासून बाहेर पडलेल्या मुलीला केमिस्टच्या काउंटरवर माझ्याइतकीच किंमत. म्हणजे शून्य.

सहा महिन्यांच्या जोरावर कुणाला स्वतंत्रपणे औषधं लिहू द्यावीत असं उद्या कुणी म्हणालं, तर विरोधाच्या पत्रावर माझी सही आधी घ्या.

‘जगात कुठेही नाही’ हा मुद्दा तर फारच हलका. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर १९६५ पासून आहेत. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने तो पहिला कोर्स सुरू केला. आज तिथली निम्म्याहून जास्त राज्यं त्यांना डॉक्टरशी करार न करता औषध लिहू देतात. टेक्सससारखी काही देत नाहीत. पात्रता म्हणजे नर्सिंगची पदवी, त्यावर मास्टर्स किंवा डॉक्टरेट, प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे शेकडो तास, मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचा परवाना. ब्रिटनमध्ये २००६ पासून पात्र नर्स आपल्या कौशल्याच्या कक्षेतलं जवळपास कुठलंही परवानाधारक औषध लिहू शकते. त्यासाठी वेगळा कोर्स, त्यात देखरेखीखालचं काम, आणि मग नोंदणीवर वेगळी खूण. ती खूण नसेल तर वीस वर्षं काम केलेली सिस्टरही लिहू शकत नाही.

श्रीमंत देशांचं सोडा. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीचे रुग्ण लाखोंनी आणि डॉक्टर मोजके, म्हणून २०१० पासून प्रशिक्षित नर्सना एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू करायची परवानगी मिळाली. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिथली एक चाचणी छापून आली: नर्सच्या देखरेखीखालचे रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या रुग्णांपेक्षा मागे पडले नाहीत.

आणि आपलं गडचिरोली? डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळातला जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला आकडा होता नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. एक आजार, मोजकी लक्षणं, मोजकी औषधं, आणि मागे सतत उभी असलेली देखरेख. पुढे २०१४ मध्ये केंद्राने एएनएमना ठरावीक परिस्थितीत बाळांना जेंटामायसिन द्यायची मुभा दिली. तेव्हा कुठल्या ग्रुपवर हात जोडलेले दिसले नाहीत.

दर्जाबद्दल मात्र मी सोयीचं तेवढंच सांगणार नाही. २००० मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या न्यूयॉर्कच्या चाचणीत १३१६ रुग्ण होते, सहा महिन्यांनी नर्स प्रॅक्टिशनर आणि डॉक्टर यांच्या रुग्णांच्या तब्येतीत फरक दिसला नाही. पण अमेरिकेच्याच माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या आपत्कालीन विभागांचा अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात उलटं निघालं: स्वतंत्रपणे काम करणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनरकडे रुग्ण ११ टक्के जास्त वेळ अडकले आणि टाळता येण्याजोगं भरती होणं २० टक्क्यांनी वाढलं. मी आयसीयूतली असल्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. ठरलेल्या आजाराचा पाठपुरावा आणि कॅज्युअल्टीत दारातून काय येईल ते झेलणं, यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

छत्तीसगडचं उदाहरण मी वर्गात नेहमी देते. तिथे २००१ पासून ग्रामीण भागासाठी तीन वर्षांचा वैद्यकीय डिप्लोमा चालवला गेला. नंतर संशोधकांनी पीएचसीत रुग्ण तपासणाऱ्यांची तुलना केली. तो डिप्लोमा केलेले एमबीबीएसच्या बरोबरीने निघाले. सगळ्यात खाली कोण? डॉक्टरच नाही म्हणून नाइलाजाने औषध देत बसलेले नर्स आणि फार्मासिस्ट, ज्यांना ते काम कुणी कधी शिकवलंच नव्हतं. हे ऐकून वर्गातल्या मुलींचे चेहरे पडतात. पडू देत.

‘गरिबांना नर्स, श्रीमंतांना डॉक्टर’ या वाक्यात दम आहे. डॉक्टरची जागा भरायची टाळून तिथे स्वस्तातली नर्स कंत्राटावर बसवली, तर तो डावच आहे. पण हे म्हणणारे आपल्याच शहरातल्या छोट्या रुग्णालयात रात्री एमबीबीएस असतो का, हे कधी विचारत नाहीत. रात्रीचा आरएमओ (ड्युटीवरचा निवासी डॉक्टर) बऱ्याच ठिकाणी बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो, आणि बिल मात्र सकाळच्या एमडीचं.

गल्लोगल्ली दवाखान्यांचं उत्तर वरच आलं. लिहायचाच हक्क नाही तर दवाखाना कशाच्या जोरावर उघडणार?

उरलं ते ठळक अक्षरातलं वाक्य. एका खासगी रुग्णालयातली रात्र सांगते. दोन वाजून दहा मिनिटं. नऊ नंबरच्या काकांना अचानक धाप, ताठ उठून बसलेले, तोंडाला गुलाबी फेस, बीपी दोनशेच्या वर, ऑक्सिजन ८२. आरएमओ लेबर रूममध्ये अडकलेले. मी पाठीमागे उशा लावल्या, मास्क लावला, शिरेतली लाइन चालू आहे ना पाहिलं आणि मोठ्या डॉक्टरांना घरी फोन लावला. झोपेतला आवाज: ‘काय वाटतंय सिस्टर?’ मी म्हटलं, ‘सर, पल्मनरी इडीमा वाटतोय. लॅसिक्स भरून ठेवलंय.’ (लघवीवाटे पाणी उतरवणारं इंजेक्शन.) ‘किती?’ ‘चाळीस.’ ‘द्या.’ एवढंच संभाषण. फुप्फुसात पाणी भरलंय हे कोणी ओळखलं, औषध कोणी काढलं, डोस कोणी सांगितला? मी ते दिलं, चार्टवर ‘टेलिफोनिक ऑर्डर’ लिहिलं, वेळ टाकली, खाली माझी सही. लघवी उतरली, पहाटेपर्यंत काका आडवे झोपू शकले.

सर नऊला राउंडला आले. काकांशी बोलले, चार्ट मागवला, ऑर्डर शीटवर लॅसिक्स चाळीस लिहून सही केली आणि वेळेच्या रकान्यात टाकलं: रात्री २.१०. मग मला विचारलं, ‘चहा झाला का सिस्टर?’