फोन खाली ठेव गं, समोर प्राग आहे!

किती वेळा सांगायचं? प्रत्येक सहलीत हेच! प्रागमधला पहिलाच दिवस आणि मैत्रिणीची मान सकाळपासून फोनमध्ये. जुन्या चौकातलं ते खगोलीय घड्याळ १४१० सालचं आहे. तासाच्या ठोक्याला सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषित सरकत जातात, शेवटी कोंबडा आरवतो. सगळा मिळून मिनिटभराचा खेळ! आणि हिचं काय? "नीट आलं नाही गं, पुन्हा घेते." पुन्हा म्हणजे? अजून एक तास तिथेच ताटकळायचं?

चार्ल्स पुलावर तर कहरच. १३५७ साली सम्राट चौथ्या चार्ल्सने पाया घातलेला पूल, दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे, खाली व्लतावा वाहतेय. हिने एक तरी पुतळा धड पाहिला का? प्रत्येकापुढे ही उभी, फोन माझ्या हातात. "केस उडाले, परत काढ. डोळे मिटले, परत काढ." पलीकडे किल्ल्याच्या चढाला लागेपर्यंत अंधार! दोन वर्षं पैसे साठवले, व्हिसासाठी कागद जमवत वणवण केली, ती ह्यासाठी?

उद्या मी एकटी निघणार. सकाळी सहाला, पूल रिकामा असताना.