टेप घासते म्हणून डेटा पुसला जातो?

सांगलीतल्या पतसंस्थांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'बॅकअप टेपवर ठेवू नका. टेप म्हणजे जुनी कॅसेटच. हेडवर घासून नोंदी पुसल्या जातात. मोठ्या कंपन्यांनी टेप कधीच सोडली, सगळं क्लाउडवर टाका.' २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेलेली आपण पाहिली आहे. अशा गावात बॅकअपबद्दल चुकीचं सांगणं महागात पडतं, म्हणून हे लिहितो.

'घासून पुसतात' हे आधी घेऊ, कारण मेसेजचा सगळा भार त्यावर आहे. टेप हेडला, म्हणजे ती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाला, टेकूनच पळते, हे खरं. आणि ती मुद्दाम तशी पळवतात. हेड आणि टेप यांच्यातलं अंतर नोंदीच्या एका तरंगलांबीइतकं (नोंदीचा एक पूर्ण चढउतार टेपवर जेवढी लांबी घेतो तेवढं) झालं, की सिग्नल सुमारे ५५ डेसिबलने पडतो, म्हणजे पाचशेव्या हिश्शाच्याही खाली जातो. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या वॉलेस यांनी हे १९५१ सालीच मांडलं. नोंद जितकी बारीक, तितकं हेड जवळ हवं. चुंबकत्व असतं ते कणांच्या आत, ते घासून पुसलं जात नाही. आजच्या टेपमधलं बेरियम फेराइट मुळातच ऑक्साइड असल्याने गंजतही नाही.

झीज होते ती हेडची, आणि खरी कारागिरी तिथेच आहे. एलटीओ या बॅकअप टेपच्या प्रकारात आठव्या पिढीपासून (एलटीओ-८) वाचायला टीएमआर नावाचा सेन्सर आला. दोन चुंबकी थर आणि मध्ये साधारण एक नॅनोमीटरचा मॅग्नेशियम ऑक्साइडचा पडदा. टेपवरच्या नोंदीप्रमाणे एका थराची चुंबकी दिशा फिरते आणि पडद्यापार जाणाऱ्या विजेला होणारा रोध बदलतो. या थरांच्या कडा टेपकडेच असतात. पळत्या टेपने त्यांच्यावर धातूचा अंश फासला, तर दोन्ही थर जोडले जाऊन सेन्सर शॉर्ट होतो. म्हणून तो किंचित आत घेतात, वर कठीण लेप देतात. पण आत घेतला की वॉलेस यांचं अंतर वाढलं आणि सिग्नल घटला! या काही नॅनोमीटरांच्या ओढाताणीत डिझायनरांनी वर्षं घातली आहेत. त्या कामाला 'जुनी कॅसेट' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

ऑडिओ कॅसेटच्या फितीवर चार ट्रॅक असत. एलटीओ-९ च्या अर्ध्या इंचाच्या फितीवर ८,९६० असतात आणि त्यांतले ३२ एकाच वेळी लिहिले जातात. लिहिलेलं लगेच मागचा सेन्सर वाचून बघतो; चुकलं असेल तर तो भाग पुढे पुन्हा लिहिला जातो.

मोठ्यांनी टेप सोडली, हेही खोटं. सर्न ही युरोपातली कणभौतिकीची प्रयोगशाळा आपल्या प्रयोगांचा डेटा टेपवर जपते. २०११ च्या फेब्रुवारीत सॉफ्टवेअरच्या चुकीने काही जीमेल खात्यांतले मेल गायब झाले, तेव्हा गूगलने ते टेपवरूनच परत आणले. चूक ऑनलाइन प्रतींपर्यंत पोचली होती. टेप ऑफलाइन होत्या म्हणून वाचल्या.

एखादी फाइल शोधायला टेपला वेळ लागतो, तेव्हा रोजच्या कामाला ती नको. पाण्यापासूनही ती जपावी लागते: एक संच सांगलीत असेल, तर दुसरा साताऱ्याला ठेवा. आणि मेसेजने न सांगितलेला धोका ड्राइव्हचा, म्हणजे टेप चालवणाऱ्या यंत्राचा आहे. एलटीओ-९ चा ड्राइव्ह एलटीओ-८ ची टेप वाचतो, एलटीओ-७ ची नाही. नवा ड्राइव्ह घेण्याआधी कपाटातल्या टेप कोणत्या पिढीच्या आहेत ते बघा आणि जुना ड्राइव्ह चालू असतानाच त्या नव्या टेपवर उतरवून घ्या.