चोवीस तासांत मूल हजर करायचं असतं, निकाल लावायचा नसतो

सुदामानगरातल्या आमच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तिघांनी एकच मेसेज टाकला: “घरात पाय टाकताच कळतं, मुलाची आबाळ होतेय की नाही. पंधरा-पंधरा दिवस चौकशी कसली करता? तोवर मूल तसंच सोडायचं? कायदा चोवीस तास म्हणतो. उचला आणि आश्रमात घाला.” मी इंदुरात काही वर्षं अशाच मुलांच्या चौकशीसाठी गृहभेटी केल्यात, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी ते चोवीस तास. 2015 च्या बाल न्याय कायद्यात हा आकडा आहे, पण तो मुलाला बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या समितीपुढे, हजर करण्यासाठी, तोही प्रवासाचा वेळ सोडून. सामाजिक चौकशीला, म्हणजे मुलाच्या घरची परिस्थिती तपासायला, 15 दिवस दिलेत आणि पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत समितीचा अंतिम आदेश अपेक्षित आहे. सगळे आकडे एकाच पातेल्यात ढवळलेत.

“तसंच सोडायचं?” अजिबात नाही. चौकशी चालू असतानाही समिती मुलाला बालगृहात किंवा योग्य व्यक्तीकडे ठेवू शकते. जिवाला धोका दिसत असेल तर मेसेज फिरवू नका, मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 लावा.

आता “पाय टाकताच कळतं.” मुसाखेडीतली एक खोली. सकाळी अकराची वेळ, तीन वर्षांचा मुलगा उघडा, नाक वाहतंय, वाटीत कोरडे पोहे. सांभाळायला सात वर्षांची बहीण, आईचा पत्ता नाही. तिथेच अहवाल लिहिला असता तर दोन्ही मुलं आश्रमात गेली असती. दुपारी पुन्हा गेले. आई पहाटे चारला चोइथराम मंडीत लसूण निवडायला जायची, ती परतली होती. देवाच्या फोटोमागच्या पिशवीतून तिने लसीकरणाचं कार्ड काढलं, एकही खूण चुकलेली नव्हती. पोरीच्या वह्यांना वर्तमानपत्राची कव्हरं. मोठीची शाळा बुडत होती, हे खरंच. पण त्यावर उपाय धाकट्यासाठी अंगणवाडी हा होता, आश्रम नव्हे. मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय, असं हाच कायदा सांगतो.

उलटही पाहिलंय. चकचकीत फ्लॅट, फ्रिज भरलेला, मुलगा हसरा. तिसऱ्या भेटीत तो एकाच बाजूने चावतोय हे दिसलं. दाढ किडून गाल सुजलेला, कित्येक महिन्यांपासून. घरात कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्या भेटीत मी स्वतः त्या घराला पास करून आले होते, हेही सांगून टाकते.

राहिलं “पंधरा दिवस कसली चौकशी.” शाळेचा हजेरीपट, अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदी, शेजारी, आजी, आणि मुलाशी एकट्याने बोलणं. ते पहिल्या दिवशी तोंड उघडत नाही. त्यात कार्यकर्तीच्या पिशवीत अशा बऱ्याच फायली असतात. मला तर पंधरा दिवस कमीच वाटतात. बाप रात्री दहाला कामावरून येतो. त्याला भेटायला दहाला जायचं, की शेजारणीने सांगितलं तेच त्याच्या नावापुढे लिहून फाईल पुढे सरकवायची?