नवरदेव ठणठणीत आहे, म्हणून क्लेम नाही!

विम्याचा क्लेम म्हटलं की सगळे विचारतात, ‘कुणी गेलं का?’ नाही हो, आमच्याकडे कुणी गेलेलं नाही. कुणी ॲडमिटही नाही. लग्न मोडलंय! पत्रिका छापून झाल्या, हॉलचा ॲडव्हान्स गेला, आणि मग नवरदेवाला साक्षात्कार झाला की ‘आपलं काही जमेलसं वाटत नाही’. बरं, नाही तर नाही. ते रडगाणं इथे गायचं नाहीये. मला बोलायचंय ते स्वित्झर्लंडच्या हनिमून पॅकेजबद्दल आणि त्याच्यासोबत गळ्यात मारलेल्या ट्रॅव्हल इन्शुरन्सबद्दल.

विकताना काय तो गोडवा! ‘मॅम, शेंगेन व्हिसाला इन्शुरन्स कंपल्सरीच आहे, मग कॅन्सलेशनवाला प्लॅनच घ्या ना, थोडेसेच जास्त पडतील, काहीही झालं तरी टेन्शन नाही.’ शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. त्याला लागतो तो फक्त किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा. आजारपण, अपघात, मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च. (हनिमूनच्या कागदांत ते मृतदेहाचं कलम वाचून आम्ही दोघं खूप हसलो होतो.) कॅन्सलेशनसाठी वरचे पैसे मोजले ते वेगळे.

आता क्लेमचा फॉर्म उघडला तर त्यात कारणांची यादी. मृत्यू. गंभीर आजार. नैसर्गिक आपत्ती. अगदी खाली ‘इतर’. तिथे लिहिलं, ‘विवाह रद्द’. लगेच कस्टमर केअरच्या मुलाचा फोन.

‘मॅम, सहप्रवासी हॉस्पिटलमध्ये आहेत का?’

नाहीत.

‘मग जवळच्या नात्यात कुणाचं निधन?’

नाही रे बाबा!

‘मग हे चेंज ऑफ माइंडमध्ये येतं मॅम, ते कव्हर होत नाही.’

अरे, माइंड चेंज झालं ते त्याचं! मी तर थर्मल्सपण आणून ठेवले होते. त्याचं मन फिरलं, तर भुर्दंड माझ्या कार्डावर का? आणि ‘अर्धे मी देतो’ म्हणणारा हा गृहस्थ आता फोनच घेत नाही. आई घेते त्याची. ‘झालं गेलं विसरून जा गं’ म्हणते. विसरते की, ईएमआय तुम्ही भरा.

विमा कंपनी म्हणे, असं कव्हर दिलं तर उद्या कुणीही उठून ब्रेकअप झाला म्हणेल. हो? पत्रिका दाखवते, हॉलची पावती दाखवते, साखरपुड्याचा अल्बम दाखवते. सहलीचे पैसे सोडवायला कोण स्वतःचं लग्न मोडून घेतं हो? अमेरिकेत जादा प्रीमियम भरून कुठलंही कारण चालणारं कव्हर मिळतं. त्यातही साधारण ५० ते ७५ टक्केच परत येतात, पण निदान त्यासाठी घरातलं कुणी मरावं लागत नाही.

टूरवाल्यांची तर वेगळीच तऱ्हा. निघायची तारीख जवळ येते तसे यांचे कापायचे टक्के वाढतात, आणि वर सल्ला काय, ‘तुम्ही एकट्या जा ना मॅडम, छान वाटेल! फक्त सिंगल सप्लिमेंट भरावं लागेल.’ म्हणजे खोली एकटीने वापरायचे जादा पैसे. त्याने मोडायचं आणि एकटं झोपायचा दंड मी भरायचा! व्हिसाचे माणशी ९० युरो तर गेलेच. भारतीय विमान कंपनीचं तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यायचं, असा डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे. हे एजंटने आपणहून सांगितलं असेल? छे! मी नियमाचा कागद पुढे केला तेव्हा ‘हो हो मॅडम, ते प्रोसेसमध्ये आहे.’

विमावाल्यांना म्हटलं, क्लेम नाही तर नाही, प्रीमियम तरी परत द्या. तर म्हणे चार्ज कापून देऊ, पण तुम्ही प्रवास केला नाही हे सिद्ध करा, पासपोर्टचं पान न् पान स्कॅन करून पाठवा. पाठवलं. कोरी पानंसुद्धा पाठवली. आज मेल आलाय: शेवटचं पान अस्पष्ट आहे, कृपया पुन्हा पाठवा.